बाबुरावांच्या हातची धिंगरी

मी धिंगरी. अळंबीतलीच एक, पण बाजारातल्या गुबगुबीत बटणांसारखी नव्हे, शिंपल्यासारखी पसरट. लखनौच्या जानकीपुरममध्ये, एका फ्लॅटच्या बाल्कनीत, गव्हाच्या भुशाच्या पिशवीत जन्मले. पिशवी आणली रुचाने, आपल्या आजोबांसाठी.

आजोबा म्हणजे बाबुराव. बायको, सुरेखाबाई, गेल्यापासून त्यांचं जेवणावरून मनच उडालं होतं. चहा-टोस्ट, बास! दूध पचत नाही, अंड्याला शिवत नाहीत. भिंत धरून चालायचे. डॉक्टर म्हणाले, "प्रोटीन कमी, डी जीवनसत्त्वही कमी." त्यात धुक्यामुळे ऊन नाही.

माझ्यात थोडी प्रथिनं आहेत, बी जीवनसत्त्वं आहेत, चोथा आहे. चरबी नावालाच. ऊन खाल्लं की डीसुद्धा तयार करते. मी काही औषध नव्हे हो, पण ताटात नेहमी आले तर चार गोष्टी अंगी लागतात.

बाबुराव सकाळ-संध्याकाळ माझ्यावर पाणी शिंपायचे. "उठलीस का गं?" विचारायचे. मी वाढले, आणि झाली की पंचाईत! ते मला तोडूच देईनात.

"आजोबा, आज नहीं तोड़ा तो ये सूख जाएगी," रुचा म्हणाली.

"हाताने वाढवलेलं पोर कढईत घालू? गप बस!"

माझ्या कडा मुडपायला लागल्या होत्या. जीव नुसता तुटत होता. अहो, मी तुमच्यासाठीच वाढले ना?

शेवटी सूनबाई वीणा हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही कुंडीत मेथी लावायचात. आई ती खुडायच्याच ना? आणि पहिला घास तुम्हालाच भरवायच्या."

 बाबुराव स्वतः उठले आणि मला अलगद पिरगळून काढलं. त्या दुपारी नेमकं धुकं फाटलं होतं. रुचाने मला उताणी करून उन्हात ठेवलं. नंतर कांदा, लसूण, काळा मसाला, वर ओलं खोबरं. अगदी सुरेखाबाईंच्या पद्धतीने.

आता मी त्यांच्या ताटात आहे. पहिला घास त्यांनी देवाजवळच्या सुरेखाबाईंच्या फोटोकडे बघत घेतला. डोळे भरले. दुसरा घेतला. मग ताट पुढे सरकवलं.

"वीणा, अजून आहे का गं?"

आहे हो, बाबुराव! पिशवीत माझ्या धाकट्या बहिणींनी डोकी वर काढलीत. मी निघते. तुम्ही उद्या सकाळी उठा आणि त्यांना पाणी घाला.