नको तिथे हवा

मित्रांनो, मी एक जुना एसी आहे. पण भिंतीवर ऐटीत बसणारा नव्हे. मी एका बोटीत, केबिनमधल्या बाकाखाली राहतो. वय विचारू नका. अंगाचा पांढरा रंग कधीच पिवळा पडला आहे. आवाज मात्र अजून खणखणीत आहे, बरं का!

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या बड्या साहेबाच्या खोलीत आपली वर्णी लागणार. आणि पोहोचलो कुठे? माणसं आणि सामान वाहणाऱ्या बोटीत, दोरखंडांच्या शेजारी! पहिले आठ दिवस मी नुसता फुरंगटून होतो. पण मला बसवणारी ताई होती, हे माझं भाग्य.

ताई म्हणजे कप्तानाची थोरली बहीण. तो सुकाणू धरायचा, ती इंजिन सांभाळायची. भावाला प्रत्येक गोष्टीची घाई, म्हणून ती त्याला 'घाईभाऊ' म्हणायची. तिने चार स्क्रू घट्ट पिळून मला जागेवर बसवलं आणि कप्तानाच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, माझं काम समजावून सांगितलं. घरातला एसी खोलीतली उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. मी ती समुद्राच्या पाण्याला देतो. बोटीच्या तळातून पंप पाणी ओढतो, गाळणी त्यातलं शेवाळ अडवते, आणि ते पाणी माझी उष्णता घेऊन बोटीच्या कुशीतून बाहेर पडतं. मला चालू केलं की ताई आधी काठावरून वाकून ती धार बघायची. "धार आहे, तर गारवा आहे," म्हणायची.

अशी कितीतरी वर्षं गेली. उन्हातून आलेले प्रवासी केबिनमध्ये शिरले की "हाश्श!" करून बसायचे. तान्ही बाळं माझ्यासमोर शांत झोपायची. एवढं कौतुक झाल्यावर काय होणार? माझ्या डोक्यात हवा गेली! वाटायचं, सगळं मीच करतो. पंप आणि गाळणी यांना मी खिजगणतीतही धरत नव्हतो.

मग एक दिवस ताईच्या छातीत कळ आली. हृदयाची एक नळी तुंबली होती. पलीकडच्या शहरातल्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. चाळीस दिवस ती तिथे होती. तेवढे दिवस मला कोणी चालू केलं नाही आणि माझी गाळणी कोणी धुतली नाही. मला धुळीपेक्षा तिच्या आवाजाची उणीव जास्त जाणवली.

ताईला घरी न्यायचं ठरलं, तेव्हा कप्तानाला काय करू नि काय नको असं झालं. त्याच शहराच्या धक्क्यावर त्याने बोट पाण्याबाहेर काढली, तळ खरवडला, रंग दिला, नवरीसारखी नटवली. ज्या सकाळी ताई येणार, त्याच सकाळी बोट पुन्हा पाण्यात उतरवली आणि मला चालू केलं.

दहा मिनिटांत मी तापलो. तापलो की स्वतःला वाचवायला मी बंद पडतो आणि माझा लाल दिवा लुकलुकतो. कप्तानाने मला पुन्हा चालू केलं. मी पुन्हा बंद पडलो. असं पाच वेळा झालं. वहिनीने गाळणी धुऊन बसवली, तरी तेच. शेवटी घरगुती एसी दुरुस्त करणारा एक जण आला. माझ्यावर टिचक्या मारून म्हणाला, "मशीन गेलं. नवं घ्या."

डॉक्टरांनी बजावलं होतं, "सहा तासांचा प्रवास आहे. केबिन गार नसेल तर आज नेऊ नका. हा उकाडा त्यांना झेपणार नाही." ताईचे डोळे तर घराकडे लागलेले. आणि कप्तान काय करत होता? स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझे स्क्रू काढत होता! दोन निघाले होते. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला.

तेवढ्यात दवाखान्यातल्या दोघांनी ताईला धरून धक्क्यावर आणलं. ती बोटीत न चढता धक्क्यावरच्या खुर्चीत, सावलीत बसली.

"घाईभाऊ, हात थांबव. लाव बघू एकदा."

मी सुरू झालो. ताईने बोटीच्या कुशीकडे बोट केलं. "धार कुठाय?"

वहिनी वाकली. "ताई, टिपूसही नाही!"

"तळाच्या नळाची चावी?"

"उघडी आहे. गाळणी मी आत्ताच धुतली. पंपही घूं घूं करतोय."

ताई हसली. "बोट बाहेर काढली होतीत ना? नळीतलं पाणी गळून गेलं. आता पंपात हवा अडकलीय."

"अगं ताई, हवाच तर येत नाहीये!" कप्तान कळवळून म्हणाला.

"नको तिथे हवा आहे रे, म्हणून हवी तिथे नाही. बंद कर आधी. वहिनी, पंपाच्या वरची नळी जरा सैल करा."

वहिनीने नळी सैल केली. फुस्स! हवा निघाली, पाठोपाठ पाणी आलं. तिने नळी घट्ट केली. मला सुरू केलं, आणि मित्रांनो, बोटीच्या कुशीतून अशी जाड धार पडली म्हणून सांगू! दहा मिनिटं झाली, वीस झाली. मी थांबलो नाही.

कप्तान ओशाळला. "मला वाटलं, म्हातारा झाला. टाकूनच द्यावा."

ताईने छातीवर हात ठेवला. "माझीही नळीच तुंबली होती. मला टाकलंस का?"

कप्तानाने खाली बसून माझे दोन्ही स्क्रू पुन्हा बसवले. घाईभाऊने, आणि अगदी सावकाश!

सहा तास ताई माझ्यासमोर शांत झोपली. घराचा धक्का आला तेव्हा ती उतरली आणि माझ्या धारेखाली हात धरून क्षणभर थांबली. त्या दिवशी माझ्या डोक्यातली हवाही गेली. पंप, गाळणी, एक साधी नळी आणि ताई, या सगळ्यांमुळे मी आहे.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं जुनं यंत्र, किंवा जुनं माणूस, गप्प झालं तर लगेच "गेलं" म्हणू नका. कुठे काय अडकलंय, एवढं आधी वाकून बघा.