वळणावरचा आवाज

तिने अंगठ्याचं नख नव्या टायरच्या खाचेत रुतवून पाहिलं.

“ताई, टायर घेताय की टरबूज?” टायरवाला म्हणाला. “हे बघा.” त्याने टायर उभा केला आणि नुसत्या तळहाताने ढकलला. टायर दुकानाच्या फरशीवरून सरळ चालत गेला आणि समोरच्या भिंतीला जाऊन टेकला.

“रिकामा टायर कुणीही चालवेल. वर गाडीचं ओझं आलं की?”

टायरवाला हसला. “म्हणजे तुम्हाला कळतंय. मग सरळच सांगतो. फिरताना टायर जमिनीशी दबतो, पुन्हा फुगतो. त्या दबण्या-फुगण्यातच तुमचं पेट्रोल वाया जातं. हा कमी दबतो, म्हणून गाडी हलकी चालते. तुमचे जुने म्हणजे अडेलतट्टू, ओढल्याशिवाय हलायचे नाहीत.”

“आणि ओल्या रस्त्यावर?”

“ब्रेक जरा आधी लावत जा. काही मिळवायचं तर काही सोडावं लागतंच.”

तिने मान हलवली. तिचं काम गावोगावच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचं. निम्मं आयुष्य लोकांच्या जिन्यांत आणि उरलेलं गाडीत. पेट्रोल पंपावरचा माणूस हल्ली तिला घरच्यासारखा हाक मारायचा, तेव्हाच तिने टायर बदलायचं मनावर घेतलं होतं. जुन्या टायरांची नक्षी एका अंगाने झिजली होती, आणि जरा वेग घेतला की गाडी भोवऱ्यासारखी घूं घूं आवाज करायची.

नवे टायर बसवून ती थेट बाबांकडे निघाली. रस्ता तोच होता, पण गाडीत काहीतरी कमी झाल्यासारखं वाटत होतं. शहर मागे पडल्यावर तिला स्वतःचा श्वास ऐकू आला, तेव्हा कळलं. तो घुमघुमाट होता तेव्हा निदान कुणीतरी बडबडतंय असं वाटायचं. तिने रेडिओ लावला आणि थोड्या वेळाने बंद केला.

बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर कानाला रिसीव्हर लावल्यामुळे त्यांचे कान फार तिखट. “तुझी गाडी वळणावरूनच ओरडते, मला उठावं लागतं,” असं ते म्हणायचे. ती पोहोचायची तेव्हा ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे असायचे. आणि दरवेळी त्यांच्या मित्रांशी तिची गाठ चुकायची. मास्तर, कंपाउंडर आणि समोरचे भाऊ असा त्यांचा पत्त्यांचा अड्डा नेमका तेव्हाच उठून गेलेला असायचा. टेबलावर चहाचे उष्टे कप आणि अर्धवट टाकलेला डाव असायचा. आई गेल्यावर बाबांचं कसं होईल, ही तिची धास्ती त्या कपांनीच मोडली होती.

तिनेही त्यांना कधी काळजी लावली नव्हती. संध्याकाळी फोनवर ती मैत्रिणींच्या गमती सांगायची. आज सगळ्या जेवायला आल्या होत्या, आज सगळ्या मिळून नाटकाला गेलो.

आज फाटकाशी कुणी नव्हतं. तिने गाडी कुंपणालगत उभी केली, पिशवी घेतली आणि अंगणातून दाराकडे गेली. खिडकी अर्धी उघडी होती.

बाबा बनियनवर होते. टेबलावर चार कप मांडलेले होते. त्यांनी एकेका कपात थोडा थोडा चहा ओतला. मग एक कप उचलून त्यातला चहा कडेपर्यंत गोल फिरवला, मोरीत ओतला, आणि तळाशी घोटभर ठेवून कप परत जागेवर ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याची बशी त्यांनी जराशी तिरकी केली, लांबून पाहिली आणि आणखी तिरकी केली. नंतर ते पत्ते वाटायला बसले. चारही जागी वाटले. एक हात पालथा घातला, एक विस्कटून टाकला, कुणी घाईत उठून गेल्यासारखा.

तिने दाराकडे नेलेला हात खाली घेतला. आत नळ सुरू झाला, तशी ती पावलं न वाजवता फाटकाबाहेर आली. गाडी मागे घेत घेत वळणापर्यंत नेली आणि तिथे जरा वेळ बसून राहिली. मग तिने हॉर्न वाजवला. लांबलचक.

ती पोहोचली तेव्हा बाबा फाटकाशी होते. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं.

“बरोब्बर हुकलीस, ठमे! आत्ताच उठले सगळे. म्हटलं, थांबा, लेक येतेय. पण थांबतील तर शपथ!” त्यांनी गाडीकडे पाहिलं. “आज ओरडली नाही ही?”

“टायर बदलले, बाबा. हलके घेतले, पेट्रोल वाचतं.”

“अस्सं.” त्यांची नजर खिडकीकडे जाऊन आली. “म्हणून हॉर्न होय.”

“हो.”

आत येऊन दोघं टेबलाशी बसली. बाबांनी उगाच एक पत्ता सरळ केला.

“तुझ्या मैत्रिणी काय म्हणतात? सहलीला जाणार होतात ना?”

तिने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

“मैत्रिणी कुणी नाहीतच, बाबा. मी ओट्याशी उभ्या उभ्या जेवते. शेजारच्या बाईंचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.”

बाबांचा हात पत्त्यांवर थांबला.

“ते नाटक?”

“नव्हते गेले.”

बाबांनी ती तिरकी बशी सरळ केली.

“मास्तर मुलाकडे राहायला गेले,” बाबा पत्त्यांकडे बघत म्हणाले. “झाले बरेच दिवस. कंपाउंडर तर…” ते थांबले. “भाऊ आहेत. पण त्यांना आता पत्ते ओळखू येत नाहीत.”

त्यांनी चारही हात गोळा केले, ठोकून सारखे केले आणि पिसायला घेतले. त्यांची बोटं अजून चपळ होती.

“दोघांचा डाव येतो का गं तुला?”

“नाही.”

“मग खुर्ची जवळ ओढ.”