सहा फूट समुद्र
दाताच्या दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणत. नर्सिंगशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ती पेशंटची नावं लिहायची, हत्यारं उकळायची आणि भिंतीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशाला खायला घालायची. अकरा वर्षं. बाकीचे मासे केव्हाच गेले होते. उरला होता एकच, बशीएवढा, पिवळा, चपटा. दिवसभर टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहणी करत फिरायचा, म्हणून तिने त्याचं नाव साहेब ठेवलं होतं.

मग डॉक्टरांनी दवाखाना विकला. घेणारा तिथे चपलांचं दुकान काढणार होता आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भिंत पाडणार होता. टाकी भिंतीतच बांधलेली, ती काही अख्खी निघणार नव्हती. मासे विकणाऱ्या दुकानदाराने इतका म्हातारा मासा घ्यायला चक्क हात जोडले. तेव्हा सिस्टर घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "अहो, साहेबांना आपल्याकडे आणावं म्हणते."

नवरा काचेचा फिटर. लोकांच्या बाथरूमला काचा बसवून बसवून त्याची कंबर कामातून गेली होती. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या खोलीतल्या भिंतीकडे.

"सहा फूट लागेल," एवढंच म्हणाला.

एवढी टाकी विकत घ्यायची तर ऐपत नव्हती, आणि तिची नोकरी तर जाणारच होती. म्हणून टाकी घरीच बांधायची ठरली. एका ऑफिसचं पार्टिशन मोडलं होतं, तिथून जाड प्लाय आला. पुढची काच बंद पडलेल्या शोरूमची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. पंप जुना, पण मोटर ठणठणीत. प्लायला आतून इपॉक्सी रंगाचे तीन हात द्यायचे होते, आणि त्या वासाने दोघांची डोकी उठली. दिवसभर आपापली कामं करून आल्यावर संध्याकाळी हे दुसरं काम. सोफा उभा करून ठेवलेला, जेवण स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या जाऊबाई रोज एक चक्कर मारून जात.

"माशाला सहा फूट," त्या म्हणत, "आणि आमच्या पाहुण्यांना तुमच्याकडे सतरंजी."

सांधे भरायच्या दिवशी फिटरने पिशवीतून सिलिकॉनच्या नळ्या काढल्या. कामावरून उरलेल्या, एकेक करून जपून ठेवलेल्या.

"हे भारीतलं आहे," तो म्हणाला. "बाथरूमला मी हेच मारतो. दहा वर्षं बुरशी धरत नाही."

तो तोंडाने शीळ घालत होता. कितीतरी वर्षांनी ती शीळ घरात ऐकू येत होती. तो नळीचं टोक कापत असताना सिस्टरने दुसरी नळी उचलून मागचं बारीक अक्षर वाचलं. बुरशीनाशक मिसळलेले आहे. माशांच्या टाकीसाठी वापरू नये. तिने परत वाचलं. बोलायला हवं होतं. पण त्याचा चेहरा खुललेला होता, बोटं कापलेली होती, आणि नवं सिलिकॉन आणायचं म्हणजे पुन्हा सगळं लांबणार. ती इतकी थकली होती की तिला ते लांबणं नकोच होतं. थोड्याशाने काय होतंय, असं मनाशी म्हणून तिने नळी खाली ठेवली आणि मिठाची गुळणी धरून बसली.

टाकी भरली. एक थेंबसुद्धा गळला नाही. माशांसाठीचं वेगळं मीठ गोणीने ओतलं, तेव्हा जाऊबाईंनी घरातलं संपलं होतं का म्हणून विचारून घेतलं. पाणी मुरायला दिलेले दिवस संपल्यावर चाचणी म्हणून सिस्टरने दवाखान्याच्या टाकीतल्या दोन गोगलगायी आणून सोडल्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळाशी उलट्या पडल्या होत्या. तिने आणखी दोन आणल्या. त्याही गेल्या. शनिवारला चार दिवस उरले होते.

"सिलिकॉन चुकलं बहुतेक," ती म्हणाली.

फिटरने नळी शोधून काढली, चष्मा लावला, वाचलं. मग त्याने रबरी पाइप लावून पाणी काढायला सुरुवात केली. "सगळं खरवडायचं, परत भरायचं. वाळणं धरून तीन आठवडे," तो म्हणाला.

शनिवारी सिस्टरने साहेबांना बादलीतून घरी आणलं आणि बाथरूममधल्या प्लास्टिकच्या पिंपात सोडलं. आंघोळीला दोघं वर जाऊबाईंकडे जाऊ लागले, आणि त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. पिंपात फिरायला टोकंच नव्हती. साहेब जागच्या जागी गोल फिरत. चौथ्या दिवशी त्यांनी खाणं सोडलं. सिस्टरने पाणी बदललं, हवेचे बुडबुडे सोडणारा दगड बदलला, खाणं चिमटीत धरून तासन्‌तास पिंपावर वाकून बसली. अकराव्या दिवशी संध्याकाळी ती आत गेली तर साहेब तळाशी आडवे होते.

ती बाहेरच्या खोलीत आली. फिटर रिकाम्या टाकीत गुडघ्यांवर बसून पात्याने सांधा खरवडत होता. तीन बाजू झाल्या होत्या.

"साहेब गेले," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. त्याने पातं खाली ठेवलं आणि हाताच्या उलट्या बाजूने कपाळ पुसलं. ती टाकीच्या कडेला टेकून उभी राहिली. तिला आता ते पोटात ठेववेना.

"अहो, मी तेव्हाच वाचलं होतं. नळीवरचं. तुम्ही लावायच्या आधी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "काचेत दिसलीस तू मला. दोनदा वाचलंस. काही बोलली नाहीस, म्हटलं बरोबरच असणार."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पण त्याने पातं उचललं होतं आणि चौथी बाजू खरवडायला घेतली होती.