ओ देणारी तार

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी जुनी आहे. माझ्या बडबडीवरून तुम्हाला वाटेल, ही कालच दुकानातून आली. पण नाही. माझी एक खुंटी बदललेली आहे, पुढचे दोन पाय डुगडुगतात आणि अंगावर इस्त्रीचा चटका आहे. तो कसा बसला ते सांगतेच, पण मला क्रमाने सांगू द्या, नाहीतर मी शेवटचं आधी बोलून बसेन आणि मग मला पुढे बोलवणारच नाही.

मी स्टील गिटार. पोटाशी धरून वाजवतात ना, ती मी नव्हे. मला चार पाय आहेत, मी टेबलासारखी उभी असते, तारा वर तोंड करून पडलेल्या, आणि वाजवणारा समोर खुर्ची घेऊन बसतो. त्याच्या डाव्या हातात एक गुळगुळीत लोखंडी दांडा असतो. तो तारांवर आडवा ठेवायचा आणि सरकवायचा, की सूर असा लांब ओघळत जातो, रडून झाल्यावर माणूस श्वास घेतो ना, तसा.

सुतारमामांनी मला कपाटाच्या उरलेल्या दारातून बनवलं. बाबांनी मला घरी आणलं, तेव्हा मामा बरोबर होते आणि आईला म्हणाले, "वहिनी, हे बघा, तुमच्या नवऱ्याने इस्त्रीचं टेबल करून घेतलंय."

बाबा म्हणजे माझे मालक. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही म्हणते. दिवसा ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि शनिवार-रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये वाजवायचे. माझ्या अंगावरच्या पांढऱ्या रेघाही त्यांनी त्याच ब्रशने ओढल्या. आई घरी कपडे शिवायची. मामांची थट्टा तिने इतकी मनावर घेतली, की दुसऱ्याच आठवड्यात घाईत खरंच माझ्यावर गरम इस्त्री टेकवली. बाबा धावत आले. आई म्हणाली, "अहो, टेबलासारखी दिसते तर मी तरी काय करू." बाबा हसत सुटले. तो हा चटका.

आता जरा नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. मला आठ तारा आहेत. काही गिटारींना खाली पेडल असतात, पाय दाबला की वाजवता वाजवता तारांचे सूर बदलतात. मला पेडल नाहीत. दांडा आडवा ठेवला की आठही जणी सारख्याच वर चढतात, सारख्याच खाली येतात, त्यांचं आपसातलं नातं काही बदलत नाही. म्हणजे आधी ज्या सुरांना लावलं, त्यांच्यावरच संसार करायचा. म्हणून कुठली तार कुठल्या सुराला लावायची, हे ठरवणं ही आमच्याकडे लग्न जुळवण्याइतकी मोठी गोष्ट.

हे जुळवायला अकॉर्डियनवाले काका यायचे. बाबांचे जोडीदार, हॉलमध्ये शेजारी बसणारे. दोघं माझ्यासमोर बसून भांडायचे आणि आई मशीन चालवता चालवता ऐकायची.

"सरळ सगळे लावतात तसं लाव ना," काका म्हणायचे. "सा, ग, प, ध. चार वरचे, चार खालचे, झाल्या आठ."

"आणि कोमल नी?"

"कशाला हवाय?"

"त्याच्याशिवाय कूस कशी बदलणार गाणं?"

"मग काढ कुणालातरी. आठ खुर्च्या आहेत, तू पाहुणे दहा बोलावतोस."

अगदी तसंच होतं. सा, ग, प एकत्र वाजले की मी हसते, ध, सा, ग वाजले की मीच रडवेली होते, आणि कोमल नी आला की मला कुठेतरी जायची घाई होते. पण एकाला बसवलं की दुसऱ्याला उठवावं लागतं. बाबांनी खालचा सा उठवला. काका दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाईट नाही लागत," आणि त्यांच्या तोंडून हे म्हणजे फुलांचा हारच समजायचा.

राहिली पाचवी तार. मधली. तिथे खालचा ध होता. एका दुपारी बाबा एकटेच माझ्यासमोर बसले होते, आत आई स्वयंपाक करत होती आणि तिने हाक मारली, "अहो, जेवायला या, गार होतंय."

आईचा आवाज जाडसर, खर्जातला. ती 'अहो' म्हणताना 'हो'वर जरा टेकायची, उंबऱ्यावर पाय टेकावा तशी. रोज तोच सूर. राग आला तरी तोच, लाडात असली तरी तोच. बाबा थांबले. त्यांनी पाचव्या तारेची खुंटी धरली आणि हळूहळू वर घेतली. धच्या जरा वर, नीच्या बरीच खाली, कुठल्याही पुस्तकात नसलेल्या जागी.

"अहो, ऐकू येतंय ना?"

आणि मी वाजले. मित्रांनो, मला कुणी हात लावला नव्हता. आईचा आवाज भिंतीवरून आला, पाचव्या तारेला लागला आणि ती आपोआप गुणगुणली. आपलाच सूर कानावर आला की तार गप्प बसू शकत नाही, आमची जातच तशी. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. मग तारेवर बोट ठेवून तिला गप्प केलं आणि मला म्हणाले, "तू कशाला ओ देतेस, हाक मला आहे."

त्या दिवसापासून रोज हाच खेळ. आई हाक मारणार, मी आधी ओ देणार, मग बाबा देणार. बाबांनी आईला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर ती जाणूनबुजून हाक मारेल आणि सूर हलेल, अशी त्यांना भीती. हॉलमध्ये ते पाचवी तार चुकवून वाजवायचे, कारण इतरांत ती आंबट लागायची. तरी कधी लागलीच, तर काका ओरडायचे, "अरे, तुझा ध चढलाय."

"चढला नाही. तो घरचा आहे."

"घरचा म्हणजे?"

"तुला नाही कळायचं," बाबा म्हणायचे आणि काका कपाळावर हात मारायचे.

घरी मात्र बाबा रोज संध्याकाळी माझ्या आठही तारांवरून अंगठा फिरवायचे. त्यात हसू असायचं, रडू असायचं आणि मधोमध आई असायची. भिंगरी, म्हणजे त्यांची मुलगी, एका जागी कधी न बसणारी, तीसुद्धा तेवढ्यापुरती थांबायची. माझं सगळ्यात चांगलं आयुष्य ते, मला तेव्हा कळलं नाही. कुणालाच कळत नाही.

मग भिंगरी मोठी झाली, नोकरीला दुसऱ्या गावी गेली. आणि एक दिवस बाबा छातीवर हात ठेवून खुर्चीतून उठले, काकांच्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात गेले. जाताना माझ्यावर कापड घालून गेले, धूळ बसू नये म्हणून. ते कापड काढायला ते आलेच नाहीत.

आईने काढलं. बऱ्याच दिवसांनी. तिला वाजवता येत नव्हतं. ती रोज दुपारी, काम झालं की, मला मऊ फडक्याने पुसायची आणि बाबा फिरवायचे तसा आठही तारांवरून एकदा अंगठा फिरवायची. एकदाच. सूर विरेपर्यंत उभी राहायची. मग मशीनवर जाऊन बसायची. माझी फळी जाड आहे आणि मी हट्टी, लावलेला सूर सहसा सोडत नाही. मी बाबांचे आठही सूर धरून ठेवले होते. पण पाचवी तार आता आपोआप वाजत नव्हती. आईने 'अहो' म्हणावं असं घरात उरलं होतं कोण?

भिंगरी सुट्टीला आली. बाबांची गिटार नीट राहावी म्हणून ती मुद्दाम वाद्यांच्या दुकानात जाऊन विचारून आली होती. तिथे सांगितलं, वाजवत नसाल तर तारा सैल करून ठेवा, ताणाने फळी वाकते. खोटं नव्हतं ते. आई बाजारात गेली होती. भिंगरीने मला पुसलं, चटक्यावरून बोट फिरवलं, डोळे पुसले आणि एकेक खुंटी उलटी फिरवली. पहिली, दुसरी, तिसरी. मला ओरडायचं होतं. पण आमचा आवाज तारेत असतो ना, आणि तारच सैल होत होती.

आई आली. हातपाय धुतले, फडकं घेतलं, मला पुसलं, अंगठा फिरवला.

फडफड. नुसती फडफड.

"भिंगरे," आई म्हणाली, "हिला काय झालं गं?"

"काही नाही, मीच सैल केल्या तारा. फळी वाकते ना. का?"

आईने फडकं बाजूला ठेवलं. परत एकदा अंगठा फिरवला. मग तिथेच खाली बसली, भिंतीला टेकून. भिंगरीला तेव्हा कळलं की आई रोज काय करत होती. तिने तोंडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो काढलाच नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने काकांना बोलावलं. काका आता काठी घेऊन चालतात. त्यांनी माझ्यासमोर बसून एकेक तार लावली, त्यांना सगळ्या पाठ होत्या, इतकी वर्षं भांडले होते त्यांच्यावरून. खालच्या साच्या जागेवरचा कोमल नी लावताना तर त्यांना हुंदका आला. सात तारा लागल्या. पाचवीपाशी हात थांबला.

"ही मला नाही माहीत, वहिनी. विचारलं की म्हणायचा, घरची आहे."

"घरची म्हणजे?"

"तेच तर. मला वाटायचं, तुम्हाला माहीत असेल."

आई माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, इतकी जवळ होती ती. तो सूर तिच्याच गळ्यात होता. मी आठ तारांची असून मुकी.

मग भिंगरी लागली कामाला. तिने सुट्टी वाढवली. खुंटी केसभर वर घ्यायची, अंगठा फिरवायचा, विचारायचं, "हा?"

"नाही गं. जरा खाली."

"हा?"

"हा होता... नाही. हा नव्हता."

रोज हेच. शेवटी आईने तिचा हात धरला. "राहू दे आता. जितकं ऐकते तितकं जुनं पुसलं जातंय. थोडं राहिलंय तेवढं तरी राहू दे मला." भिंगरीने पाचवी तार सैल सोडली. तुटू नये म्हणून.

आणि आता ते सांगते, जे मी आधी बोलून बसणार होते. भिंगरी निघायची, त्याच्या आदल्या दुपारी. ती खोलीत बॅग भरत होती. आई आत पोळ्या करत होती, रोजच्यासारखी, मन दुसरीकडेच. आणि आतून आवाज आला.

"अहो, जेवायला या, गार होतंय."

तोच सूर. 'हो'वर टेकलेला, जराही न हललेला. भिंतीवरून आला, माझ्या अंगावरून गेला. सात जणी शहारल्या. पाचवी तिथेच पडून होती, सैल, फळीला चिकटून. मी सगळा जीव एकवटला, मित्रांनो. नाही वाजली.

आत आई थांबली. तवा तसाच चढलेला, आणि ती उलथनं धरून कान देऊन उभी. काहीतरी यायचं राहिलं होतं, ते तिलाही जाणवलं. बाबांच्या आधी येणारी ती गुणगुण तिच्या कानाने इतकी वर्षं ऐकली होती, तिच्याही नकळत. मग आपण कुणाला हाक मारली हे तिच्या लक्षात आलं. भिंगरी धावत आत गेली. दोघी एकमेकींना धरून रडल्या, पोळी करपली. अशा वेळी सुराकडे कोण बघतं? मी कुणाला दोष देत नाही.

त्यानंतर आई जपून बोलते. तो शब्द ती ओठांवर येऊच देत नाही.

मी अजून त्याच कोपऱ्यात आहे. आई रोज पुसते मला, पण अंगठा फिरवत नाही. म्हणून तुम्हाला सांगते, कुणाचं वाद्य तुमच्याकडे आलं तर त्याला जपा, पण खुंटीला हात लावण्याआधी एकदा त्याचा आवाज ऐका आणि घरातल्यांना विचारा, कोण ऐकतं याला?

आणि कधी आमच्याकडे आलात, तर आईशी गप्पा मारा. बाबांबद्दल विचारा. त्यांना जेवायला कशी बोलवायचीस गं, असं विचारा. ती सांगेल तेव्हा तुमच्यातल्या एकाने पाचवी तार हळूच वर घ्यायची, तेवढंच. बाकी काही नको. ओ मी देईन.