किशनरावांचं हृदयाचं ऑपरेशन

किशनरावांना मूळव्याध होती हे सगळ्या विद्यानगरात दोघींनाच ठाऊक होतं. एक त्यांची बायको विमलाबाई आणि दुसऱ्या डॉक्टर स्रवंती, ज्यांनी ती कापून काढली. बाकी गल्लीच्या लेखी किशनरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं.

आता हे हृदय मधेच कुठून आलं म्हणाल, तर ते एकनाथरावांमुळे. एकनाथराव म्हणजे बुद्धविहाराच्या मंडळाचे सचिव. माणूस वाईट नाही हो, पण सकाळी त्यांच्या कानावर पडलेली गोष्ट दुपारपर्यंत पलीकडच्या तारनाका वस्तीत पोचलेली असते. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, कशाचं ऑपरेशन? किशनराव रेल्वेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, दूध आणायलासुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून जाणारे. खरं काही तोंडातून निघेना. "जरा हृदयाचं," असं म्हणून गेले, आणि बसले अडकून.

घरी आल्यावर बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. जो येई तो हळू आवाजात बोले आणि त्यांना बसायचा आग्रह करी. नेमकं बसायचंच तर नको होतं ना! हृदयाचा पेशंट असून हा गडी पाहुण्यांसमोर उभाच कसा राहतो, याचं सगळ्यांना नवल. फारच आग्रह झाला तर ते हवा भरलेल्या रबरी ट्यूबवर टेकत. ही ट्यूब कशाला, असं कुणी विचारलं की म्हणत, बीपीसाठी. विमलाबाई आत जाऊन पदरात तोंड खुपसून हसत.

पण डॉक्टर स्रवंतींचं नाव निघालं की किशनराव हात जोडायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पहिल्यांदा दाखवायला गेले तेव्हा समोर मुलीच्या वयाची तेलुगू बाई बघून त्यांनी पोट सांगितलं, गुडघा सांगितला, पाठसुद्धा सांगितली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पडदा ओढला, नर्सला बाहेर पाठवलं आणि खुर्ची जवळ घेतली.

"अंकल," त्या म्हणाल्या, "शरम की बात नक्को. मेरे को दर्द का बोलो."

मग त्यांनी स्वतःच्या वडिलांचं सांगितलं. वडिलांनीही असंच लपवलं होतं, आणि अंगातलं रक्त इतकं गेलं की बाहेरून चढवावं लागलं. ते ऐकल्यावर किशनराव पहिल्यांदा खरं बोलले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा संडासला जायची वेळ आली तेव्हा ते भीतीनं दारातच अडले. ही एवढी मोठी सर्जन बाई ते बाहेर येईपर्यंत दाराशी उभी राहिली, आतून कण्हणं ऐकू आलं की "हौ अंकल, मैं इधरीच है" म्हणत राहिली. पोटची पोरगी थांबली नसती. बाहेर आल्यावर म्हातारा तिचे हात धरून ढसाढसा रडला.

त्याच भरात त्यांनी मंडळाच्या बैठकीत सांगून टाकलं की यंदा बुद्धपौर्णिमेला माझ्या डॉक्टरबाईंचा सत्कार झाला पाहिजे. टाळ्या पडल्या. बाई यायला कबूलही झाल्या. आपण काय करून बसलो ते किशनरावांना घरी येताना जिन्यात उमगलं. विमलाबाई म्हणाल्या, आता निस्तरा.

पौर्णिमेला विहार गच्च भरलं. व्यासपीठावर एकनाथरावांनी हौसेनं हे मोठं बॅनर लावलं होतं, 'सुप्रसिद्ध हृदयरोग शल्यविशारद' असं. डॉक्टर स्रवंती शाळेत हिंदी शिकलेल्या, त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं, मग किशनरावांकडे बघितलं. किशनरावांनी मान खाली घातली. बाई सरळ त्या बॅनरखाली जाऊन बसल्या.

रिवाजाप्रमाणे आधी त्रिशरण-पंचशील. वडीलधारे म्हणून ते सांगायचा मान किशनरावांचा. ते एकेक शील म्हणणार, लोक मागून म्हणणार. तीन शीलं सुरळीत झाली. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि किशनरावांचा आवाजच बसला. लोकांना वाटलं हृदयाचं काही झालं. कुणी पाणी घेऊन धावलं. शेवटी एकनाथरावांनी पंचशील पुरं केलं.

मग भाषण. एकनाथरावांनी किशनरावांना मृत्यूच्या दाढेतून ओढून आणलं आणि बाईंना विनंती केली की किती शिरा बंद होत्या तेवढं समाजाला सांगा. बाई उठल्या. "मरीज की बात मरीज बोलेगा, मैं नहीं बोलती," असं म्हणून हसल्या आणि खाली बसल्या. आयुष्यभर त्या बॅनरखाली बसायची वेळ आली असती तरी बाई बोलल्या नसत्या. ते किशनरावांना सहन होईना. त्यांनी माईक घेतला.

"माझं हृदय ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मला मूळव्याध होती. ऑपरेशन तिथलं झालं. कित्येक वर्षं रक्त बघून गप्प बसलो, या बाईंनी मला बोलतं केलं. त्यांचा सत्कार भलत्याच अवयवाच्या नावानं झालेला मला चालणार नाही."

मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग सगळं विहार हसलं. डॉक्टर स्रवंतीही हसल्या, डोळे पुसत. किशनरावांनी बाईंना शाल घातली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

खीर वाटताना पोरंटोरंही ट्यूबची चौकशी करून गेली. किशनरावांनी सगळ्यांना हसून उत्तरं दिली. विमलाबाई मात्र दिसेनात. शोधत गेले तर त्या खिरीच्या पातेल्यामागे डॉक्टरबाईंचा हात धरून उभ्या होत्या, खाली मान घालून सांगत होत्या. अंग बाहेर येतं. किती वर्षं झाली. कपडा बांधून कामं उरकते. डॉक्टरबाई म्हणत होत्या, सोमवारी या, माझी मैत्रीण बायकांच्या आजारांची डॉक्टर आहे, मी सोबत थांबते.

किशनरावांचं हसू जागच्या जागी विरलं. बाई गेल्यावर त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मूळव्याधीचं हृदय केलंत," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या दुखण्याचं काय केलं असतंत?"

किशनरावांनी बायकोच्या हातातला जड डाव काढून घेतला आणि स्वतः खीर वाढायला लागले. तेवढ्यात एकनाथराव वाटी घेऊन आले, वहिनींचं डॉक्टरबाईंशी एवढं काय चाललं होतं म्हणून. किशनरावांनी बायकोकडे बघितलं.

"माझंही ऑपरेशन लागेल, भाऊजी. बायकांचं," विमलाबाई सरळ म्हणाल्या. "तुमच्या मालनबाई का नाही आल्या?"

एकनाथराव म्हणाले, तिची कंबर दुखते, कुठंच येत नाही हल्ली.

"कंबरच दुखते ना? नीट विचारलंत कधी?"

खिरीची वाटी तशीच ठेवून एकनाथराव घरी गेले, बायकोला विचारायला.