डब्यातली लिचुर्डी

दगडाबाईनं डब्यातलं रोप मुठीत धरलं आणि उपटायला जोर लावला, तोच हरणाबाई घरातून ओरडत आली.

"हात लावू नगं! माझं हाय ते."

"आवं बाई, तण हाय. लोकरीत बसलं की कातरताना बोटं फुटत्यात आमची."

"तण न्हाई. बॉर्डरवरचं हाय."

दुष्काळामुळं दगडाबाईची मेंढरं यंदा पूर्वेकडून लवकर आली होती, खतासाठी हरणाबाईच्या रानात बसवली होती. या घरात काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. हरणाबाईनं सांगितलं. नवरा, कृष्णात, लढाईत गेला. पत्र्याची ट्रंक आली. कुणी साहेब शाल देऊन, भाषण ठोकून गेला; मेलेल्याचं नावसुद्धा त्याला धड घेता आलं नाही. ट्रंकेतल्या स्वेटरच्या कडेला चार काटेरी बिया चिकटल्या होत्या. नवरा पडला तिथली माती तिला कोण आणून देणार होतं? तिनं त्या बिया तेलाच्या डब्यात पेरल्या. प्यायच्या पाण्याचे हाल होते, तरी आपल्या तांब्यातलं त्यांना घातलं. आता बारीक निळसर फुलं आली होती.

दगडाबाईनं आपल्या लुगड्याच्या काठात रुतलेली एक बी ओढून काढली आणि हरणाबाईच्या तळहातावर ठेवली.

"लिचुर्डी ही. तुमच्याच हिरीच्या बांधावर लय हाय. तुमी इळ्यानं सपासप कापता, बघता कवा?"

"मग सडकंला बी आसंल की."

"सडकंला, त्या उन्हात? हिला सावली लागती, वल लागती."

हरणाबाई उंबऱ्यावर बसली. रजा मोडून परत बोलावल्याची तार आली, तेव्हा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. निघायच्या सकाळी ती त्याच्याशी न बोलता खुरपं घेऊन विहिरीकडच्या रानात गेली. तो सरळ सडकेनं एस.टी.ला गेला, आपल्याकडं फिरकलाही नाही, असंच ती वर्षभर धरून बसली होती. स्वेटर रजाभर ट्रंकेत होता. त्या सकाळी घरातून निघतानाच त्यानं अंगात घातला, असं सासू म्हणाली होती.

"काय झालं वो?"

हरणाबाई उठून विहिरीकडच्या रानात गेली. त्या दिवशी खुरपत होती त्याच सरीत, तशीच बांधाकडं पाठ करून बसली. मग तो येऊन उभा राहिला असेल तिकडं मान वळवली.

बांध दहा पावलांवर होता.