गच्चीवरचे विमान

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे. पण मी कधी उडालेले नाही. जालंधरजवळच्या एका गावात, बख्तावर सिंगांच्या गच्चीवर मी उभे आहे. मी सिमेंटचे आहे आणि माझ्या पोटात घराचे पाणी साठवत असत.

त्यांचा मुलगा जगरूप कॅनडात व्हँकुव्हरला स्थिरावला, तेव्हा मेहंगा मिस्त्रीने सळया वाकवून मला घडवले. आमच्याकडे ज्याचा मुलगा परदेशी, त्याच्या गच्चीवर असे काहीतरी लागतेच. कुणाकडे गरुड, कुणाकडे फुटबॉल.

माझे पंख रंगवून झाले, तेव्हा जगरूपची आई नसीब कौर जिना चढून आली.

"किती लांब आहे हो ते कॅनडा?"

"दिल्लीहून अकरा हजार किलोमीटर," बख्तावर सिंग म्हणाले. "पण चौदा तासांत पोचतो माणूस. तुझा भाऊ पाटण्याहून येतो, त्याला जास्त लागतात!"

"मग हा दर महिन्याला का येत नाही?"

"अगं, विमान आहे ते, टांगा नाही."

ती वर्षे माझ्या कौतुकाची होती. वराती माझ्याखाली थांबत, माना वर करून माणसे मला पाहत. मीही फुगून गेले होते.

मग भर उन्हाळ्यात एका सकाळी नसीब कौर चुलीपाशी बसल्या जागी गेली. बख्तावर सिंग फोन घेऊन गच्चीवर धावले.

"बापूजी, थांबा, मी निघतोच," जगरूप रडत म्हणाला.

अंगणात बर्फाच्या लाद्या आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणाव्या लागल्या. शेजारची करमो हळूच म्हणाली, "भाईजी, ऊन बघा. तिची अशी परवड करू नका."

"चौदा तासांचा तर प्रश्न आहे, भाभी."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "तिकीटच मिळत नाही, बापूजी. तुम्ही उरकून घ्या. मी फोनवर बघतो."

त्यांनी उरकून घेतले.

तिच्यासाठीच्या अखेरच्या अरदासला, म्हणजे प्रार्थनेला, पुतण्या रेशम आला होता. त्याला राहवले नाही. "चाचाजी, तिकिटं होती. त्या दिवशी त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. फोटो टाकलेत त्याने."

बख्तावर सिंग उठले. वर आले, माझ्याकडे येणाऱ्या पाण्याची चावी बंद केली आणि खाली गेले. तेव्हापासून ते अंगणातल्या हातपंपाचे पाणी भरतात. मी कोरडे पडले, तडकले. पोटात कबुतरांनी घर केले.

हिवाळ्यात जगरूप आला, बायकामुलांसकट.

"काय हे बापूजी, केवढ्या भेगा! लोक काय म्हणतील?" त्याने लगेच रंगारी बोलावला. मग मुलांना माझ्यासमोर उभे करून फोटो काढले.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?" बापाने विचारले.

"छे! जेवलो, झोपलो, डोळे उघडले तर दिल्ली."

"हो," बख्तावर सिंग म्हणाले. "जवळच आहे."

जगरूपला त्यातले काही कळले नाही. तो मुलांच्या टोप्या नीट करत होता.

मित्रांनो, तुम्हाला घरून बोलावणे आले, तर त्याच दिवशी निघा. नाहीच जमले आणि उशिरा आलात, तर आल्या आल्या गच्चीवरचे विमान रंगवू नका. खाली अंगणात बाप एकटा बसलेला असतो. त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि तो जे बोलेल ते मान खाली घालून ऐका.